बेळगावच्या अध्यक्षांच्या अटी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर २०२४ मध्ये बेळगाव काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने शहरावर रोषणाई झाली, टिळकवाडीतल्या वीरसौध या स्मारकात आणि काँग्रेस विहिरीजवळ माणसांची वर्दळ वाढली, पुढच्या जानेवारीत सुवर्णसौधाच्या (विधिमंडळाच्या इमारतीच्या) आवारात गांधीजींचा पुतळाही उभा राहिला. याचा आम्हाला आनंदच आहे. मात्र त्या काळातल्या भाषणांत आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत जे गांधीजी दिसले ते फार मवाळ होते. शांततेचे, प्रेमाचे, कुणालाच अडचण न करणारे. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी बेळगावात अध्यक्षस्थानी बसलेला माणूस तसा नव्हता. सोबतच्यांना घाम फोडील इतका तो काटेकोर होता. त्या काटेकोरपणाचे तपशील आणि त्यांच्या धोरणांची नेमकी कलमे सीमाभागातल्या वाचकांसमोर यावीत, म्हणून हे पत्र.

पार्श्वभूमी आधी थोडक्यात. ५ फेब्रुवारी १९२४ रोजी गांधीजींची तुरुंगातून सुटका झाली. त्याआधी जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली होती. सप्टेंबरमध्ये कोहाटच्या दंगलीनंतर त्यांनी दिल्लीत एकवीस दिवसांचा उपवास केला, तो ८ ऑक्टोबरला सुटला. म्हणजे जेमतेम अकरा आठवडे झाले असताना ते बेळगावला आले. काँग्रेस तेव्हा दुभंगलेली होती. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांच्या स्वराज्य पक्षाला कायदेमंडळात जायचे होते, गांधीजींच्या जवळच्या मंडळींना ते मान्य नव्हते. नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याला तडजोड झाली. असहकार स्थगित करायचा, स्वराज्य पक्षाने काँग्रेसच्या वतीने कायदेमंडळात काम करायचे, आणि काँग्रेसचे सभासदत्व पैशाऐवजी सुताने मोजायचे. या तडजोडीवर शिक्कामोर्तब बेळगावला झाले. काँग्रेसच्या वार्षिक अधिवेशनाचे अध्यक्षपद गांधीजींनी आयुष्यात एकदाच घेतले, ते इथे.

सुताच्या अटीबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे. लोक ती गांधीजींची एक लहर समजतात आणि पुढे जातात. १९२० च्या नागपूर अधिवेशनापासून काँग्रेसची वर्गणी वर्षाला चार आणे होती. चार आणे कुणीही दुसऱ्याच्या नावावर भरू शकतो आणि पुढारी आपल्या बाजूचे शेकडो सभासद एका दिवसात उभे करू शकतो. गांधीजींना सभासदाकडून असे काही हवे होते जे तराजूत घालता येईल, बोटांनी तपासता येईल आणि जे दर महिन्याला नव्याने करावे लागेल. म्हणून दरमहा २००० वार सूत, वर्षाला २४ हजार वार. त्याबरोबर दुसरी अट अशी की, काँग्रेसच्या कामकाजात आणि राजकीय सभांत हातकताईची, हातविणीची खादीच अंगावर असावी.

२००० वार म्हणजे किती? चरख्यावर कातलेले सूत फाळक्यावर गुंडाळतात. खादीच्या प्रचलित मापात फाळक्याचा घेर ४ फूट, म्हणजे एका वेढ्याला ४ फूट सूत. २००० वारांचे ६००० फूट होतात, म्हणजे १५०० वेढे. महिन्याच्या तीस दिवसांत वाटले तर रोजचे ५० वेढे. रोज अर्धा तास कातले तर महिन्याला पंधरा तास होतात, आणि तासाला सुमारे १३३ वार पडले तरी अट पुरी होते. हात बसलेला कातणारा याहून कितीतरी जास्त काढतो. अट कातण्यात मुरलेल्या माणसासाठी नव्हतीच. वकील, डॉक्टर, संपादक, सावकार अशा कामात बुडालेल्या आणि हात न बसलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून ती बेतलेली होती. दिवसातला अर्धा तास काढता येत नाही असे ज्याला म्हणायचे असेल त्याला ते उघडपणे म्हणावे लागणार होते.

वजनही पाहण्यासारखे आहे. ८४० वारांची एक लड धरून एका पौंडात जितक्या लडी बसतात तो सुताचा नंबर. दहा नंबरचे २००० वार सूत भरते सव्वानऊ तोळे, साधारण १०८ ग्रॅम. वीस नंबरचे त्याच्या निम्मे. म्हणजे कापसाचा खर्च गरिबालाही झेपेल इतकाच होता. द्यायचे होते ते कष्ट आणि नेम.

यात खरी मेख सुताच्या गुणवत्तेत होती. जून १९२४ मध्ये अहमदाबादला अखिल भारतीय काँग्रेस समितीपुढे गांधीजींनी जो ठराव आणला त्यात नुसते ‘सूत’ म्हटले नव्हते. सारखे आणि नीट पीळ दिलेले सूत, असे म्हटले होते. शहापूर, वडगाव, खासबागच्या कोणत्याही जुन्या विणकराला याचा अर्थ विचारावा. ताण्याचा (कापडातला उभा) धागा मागावर खळ घेतो, फणीतून शेकडो वेळा घासला जातो, दर ठोक्याला ताण सोसतो. त्यात एखादी जागा बारीक आणि कमी पिळाची असेल तर तो तिथेच तुटतो, आणि प्रत्येक तुटीला माग थांबवून गाठ मारावी लागते. विणकराची मजुरी कापडावर असते, गाठींवर नसते. म्हणून हातसूत आले की विणकर ते नाकारत किंवा ताण्याला गिरणीचे सूत लावून फक्त बाण्याला (आडव्या धाग्याला) हातसूत वापरत. खादीच्या नावाखाली अर्धे गिरणीचे कापड तयार होई ते याच कारणाने.

सूत बिघडते कुठे, तेही ठरलेले आहे. बहुतेक बिघाड चरख्यावर बसण्याआधीच झालेला असतो. सरकी काढताना कापूस तुटला, पिंजताना गुठळ्या राहिल्या किंवा पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) दाबून घट्ट वळला, तर कितीही चांगला हात असला तरी धागा जाड-बारीक येतो. चाती (चरख्याची टोकदार सळई) किंचित वाकली असेल तर ती थरथरते आणि धागा टोकाशी तुटतो. माळ (चाक आणि चाती जोडणारी दोरी) सैल झाली की चाक फिरते पण चाती तितकी फिरत नाही, त्यामुळे पीळ कमी पडतो. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, मागावर गेल्यावर कळतो. उलट धागा ओढण्यापेक्षा चाक जास्त फिरवले तर पीळ चढून धाग्याला वळसे पडतात. दमट हवेत पेळू चिकटतो, म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात पेळू उबदार, कोरड्या जागी ठेवावे लागतात. गांधीजींना हे सगळे माहीत होते, कारण ते स्वतः रोज कातत. त्यांच्या लेखांत स्वराज्याच्या शेजारीच पिंजणाचे आणि चातीचे बारकावे सापडतात. त्यांच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी एकाच कामाचा भाग होत्या.

अहमदाबादच्या ठरावात आणखी एक कलम होते. जो पदाधिकारी ठरल्या तारखेला सूत पाठवणार नाही त्याची जागा रिकामी समजावी. दास आणि मोतीलालजी आपल्या सहकाऱ्यांसह सभेतून उठून गेले. कलम ३७ विरुद्ध ६७ मतांनी मंजूर झाले. पण बाहेर गेलेल्यांची मते धरली असती तर ते पडले असते, हे गांधीजींनी ओळखले आणि जिंकलेले कलम स्वतःहून मागे घेतले. आपली हार झाली असे त्यांनी मग ‘यंग इंडिया’त जाहीरपणे लिहिले. इतरांना सुताच्या मापाने मोजणारा माणूस स्वतःच्या बहुमतालाही त्याच कडक मापाने मोजत होता. त्यांच्या शिस्तीविषयी बोलताना ही घटना वगळली तर शिस्तीचा अर्धा अर्थ हरवतो.

बेळगावच्या ठरावात मात्र एक फट राहिली आणि अट ढासळली ती तिथूनच. आजारपण, अनिच्छा किंवा तशाच कारणाने स्वतः कातणे होत नसेल तर दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत देता येईल, अशी सवलत तडजोडीत होती. अनिच्छा हे कारण मान्य केल्यावर सूत विकत घेऊन भरणे आले. मग चार आण्यांच्या जागी सुताची किंमत आली आणि मूळ हेतू बाजूला पडला. शिवाय गावोगाव चांगले पेळू पुरवायला पिंजणारे नव्हते, आलेले सूत तपासायला जाणती माणसे नव्हती. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला सभासदत्वासाठी चार आणे किंवा सूत असा पर्याय ठेवावा लागला. त्याच बैठकीच्या वेळी अखिल भारतीय चरखा संघ स्वतंत्रपणे स्थापन झाला, आणि गांधीजींनी आपली कडक अट तिथे नेली. अ वर्गाच्या सभासदाला कायम खादी वापरून दरमहा १००० वार स्वतःच्या हातचे सूत द्यावे लागे. मोठ्या संघटनेला झेपत नसेल तर अट पातळ करत बसायचे नाही, ती झेपणाऱ्यांची वेगळी संस्था काढायची, असा हा निर्णय होता. आमच्या मते तो बरोबर होता. बेळगाव तालुक्यातल्या हुदलीला खादीचे काम आजही चालते, त्याची मुळे याच विचारात आहेत. अधिवेशनाचे सूत्रधार गंगाधरराव देशपांडे हुदलीचेच, आधी टिळकांचे आणि मग गांधीजींचे निष्ठावंत. १९३७ च्या एप्रिलमध्ये गांधी सेवा संघाच्या बैठकीसाठी गांधीजी हुदलीला येऊन राहिले होते.

आता अधिवेशनाच्या छावणीबद्दल. टिळकवाडीत उभारलेल्या या नगराला विजयनगर नाव दिले होते, मोठे गोपुराचे प्रवेशद्वार होते, आणि व्यवस्था पाहायला डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवा दलाचे स्वयंसेवक होते. पाण्यासाठी जी विहीर खोदली तिचा खर्च ४,३७० रुपये ३ आणे झाल्याचे आजही सांगितले जाते. त्यातले तीन आणे आम्हाला महत्त्वाचे वाटतात. सार्वजनिक पैशाचा हिशेब आण्यापर्यंत ठेवायचा आणि लोकांपुढे मांडायचा, ही सवय गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेपासून लावली होती. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी ३० जूनपर्यंत एक कोटी रुपये जमवायचे ठरले तेव्हा रकमेइतकाच आग्रह हिशेब तपासून छापण्याचा होता. आज गावातल्या गणेशोत्सव मंडळापासून सहकारी पतसंस्थेपर्यंत हिशेबाचा कागद भिंतीवर लागला की नाही, एवढे एक पाहिले तरी कारभार कसा आहे ते कळते.

स्वच्छतेच्या बाबतीत त्यांची कसोटी १९०१ पासूनची. कलकत्त्याच्या अधिवेशनात प्रतिनिधींच्या संडासांची दुर्दशा पाहून त्यांनी स्वयंसेवकांना सांगितले, तर हे भंग्याचे काम आहे असे उत्तर मिळाले. त्यांनी झाडू मागून घेतला आणि स्वतःपुरता संडास साफ केला. पुढे प्रत्येक आश्रमात आणि छावणीत त्यांनी चराच्या (उथळ चर खणून केलेल्या) संडासांचा आग्रह धरला. त्यांचे गणित सरळ होते. मैला ९ ते १२ इंचांपेक्षा खोल पुरायचा नाही आणि प्रत्येक वेळी त्यावर कोरडी माती टाकायची. मातीच्या वरच्या थरातच जिवाणू असतात आणि ते मैल्याचे खत करतात. खोल खड्ड्यात ते काम होत नाही, मैला कुजत राहतो आणि भूजलात उतरतो. उघडा ठेवला तर माशा होतात. आपल्या खानापूर आणि पश्चिम बेळगाव पट्ट्यात पावसाळ्यात जांभ्यातून पाणी भराभर खाली झिरपते. इथे शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला आणि खोल खणला तर विहीर बिघडायला वेळ लागत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा हा नियम ग्रामपंचायतीने संडासाला मंजुरी देताना आजही तपासावा असा आहे.

यानंतर त्यांची धोरणे. अध्यक्षीय भाषणात गांधीजींनी स्वराज्याचा आराखडाच मांडला होता. तो विचारार्थ आहे, अंतिम नाही, हेही स्पष्ट केले होते. मताधिकार मालमत्तेवर किंवा पदावर ठरू नये, श्रमावर ठरावा. लष्करी खर्च घटवावा. मुलकी आणि लष्करी अधिकाऱ्यांचे पगार देशाच्या परिस्थितीला साजेसे करावेत. दारू आणि अमली पदार्थांपासून मिळणारे उत्पन्न बंद करावे. परदेशी लोकांना दिलेल्या मक्तेदाऱ्या तपासाव्यात. सर्वोच्च पदे सर्वांना खुली असावीत. सर्वांना पूर्ण धर्मस्वातंत्र्य असावे. यातले पगाराचे कलम हवेत राहिले नाही. १९३१ च्या कराची ठरावात सरकारी नोकराचा पगार सामान्यतः महिना ५०० रुपयांवर जाऊ नये असे आले, आणि १९३७ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे आली तेव्हा मंत्र्यांनी ५०० रुपयेच घेतले. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात होता, म्हणजे आपल्या आजोबांनी हे मंत्री पाहिलेले आहेत.

दारूच्या उत्पन्नाचा प्रश्न त्यांना जास्त टोचत होता. प्रांतांचा शिक्षणखर्च बराचसा अबकारीतून निघत असे. मुलांच्या शाळा बापांच्या दारूवर चालाव्यात, ही गोष्ट त्यांना लाजिरवाणी वाटे. पण नुसती बंदी मागून ते थांबले नाहीत. पैसा येणार कुठून याचे उत्तर शोधत १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याच्या परिषदेत त्यांनी उद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. उत्तर सगळ्यांना पटले नाही, आणि शाळेचा खर्च मुलांच्या कामातून निघावा ही कल्पना आम्हालाही अवघड वाटते. तरी एखादे उत्पन्न सोडायला सांगणाऱ्याने त्याची भरपाई सुचवलीच पाहिजे, ही त्यांची पद्धत मोलाची आहे.

न्यायाबद्दलचे कलम आज सीमाभागात वाचताना थांबायला होते. दिवाणी दाव्यांतले बहुतेक लवादाकडे किंवा पंचायतीकडे जावेत आणि भ्रष्टाचार किंवा कायद्याचा उघड विपर्यास सोडला तर त्यांचा निर्णय अंतिम असावा. मधल्या न्यायालयांची उतरंड कमी करावी, कार्यपद्धती सोपी करावी. न्याय स्वस्त आणि वेळेत मिळावा, हा हेतू. महाराष्ट्राने २००४ मध्ये घटनेच्या १३१ व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा वीस वर्षे उलटली तरी निकालात निघालेला नाही. दोन राज्यांचा वाद पंचायतीत मिटणारा नव्हे हे खरे. पण इतक्या वर्षांत एक पिढी सरून गेली, आणि उशिराबद्दल बोलायला बेळगावात उच्चारलेले हे कलम हाताशी असताना त्याची कुणाला आठवण नाही, याचे वाईट वाटते.

आणि भाषा. सीमाभागातल्या आपणा मराठी माणसांना गांधीजींच्या बेळगावच्या भाषणातला हा भाग सर्वांत जवळचा, आणि आपण तो अर्धाच वाचतो. भाषावार प्रांतरचना करावी आणि प्रत्येक प्रांताला अंतर्गत कारभार व वाढीसाठी शक्य तितकी पूर्ण स्वायत्तता द्यावी, हे एक कलम. ते आपण वारंवार सांगतो. काँग्रेसने स्वतःच्या संघटनेपुरते ते १९२० मध्ये नागपूरला अमलात आणले होते, भाषेनुसार २१ प्रांत केले होते, आणि त्या रचनेत बेळगाव कर्नाटक प्रांतिक समितीकडे गेले होते, हेही सांगायला हवे. बेळगाव अधिवेशनाच्या वेळीच कर्नाटक एकीकरणाची परिषद सिद्दप्पा कंबळी यांच्या अध्यक्षतेखाली इथे भरली. म्हणजे हे तत्त्व कन्नड शेजाऱ्यांनी आणि आपण, दोघांनीही आपापल्या परीने हाती धरले. गावपातळीवर सीमा कशी आखायची याचा तपशील भाषणात नव्हता. ती उणीव १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले तेव्हा, आपल्याला भोवली.

दुसरे कलम कमी सांगितले जाते. ठराविक मुदतीत प्रांतिक सरकार, कायदेमंडळ आणि न्यायालये यांचा कारभार प्रांताच्या लोकभाषेत आला पाहिजे. शेवटच्या अपिलाच्या न्यायालयाची भाषा हिंदुस्थानी, लिपी देवनागरी किंवा फारसी. मध्यवर्ती सरकारची हिंदुस्थानी, आणि परराष्ट्र व्यवहाराची इंग्रजी. यात ‘ठराविक मुदतीत’ हे शब्द घालायला गांधीजी विसरले नाहीत. सुताच्या अटीत महिना होता, इथेही मुदत आहे. या कलमामागचे कारण असे की, ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला उताऱ्यावरचा मजकूर स्वतः वाचता आला पाहिजे, ज्याच्यावर खटला आहे त्याला निकाल कळला पाहिजे. राज्य कोणतेही असो, हे कारण बदलत नाही. खानापूरच्या शेतकऱ्याला नाडकचेरीत (कर्नाटकातल्या महसूल कार्यालयात) कळत नसलेल्या कागदावर अंगठा किंवा सही करावी लागते, तेव्हा मोडते ते हेच तत्त्व.

सीमाप्रश्नाचा निकाल लागेपर्यंत हातात काय आहे, हे या नजरेने पाहिले तर मोजता येतील अशा दोन गोष्टी सापडतात. राज्यघटनेच्या ३५० अ अनुच्छेदाप्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करायची आहे. १९४९ पासून मान्य असलेला निकष आहे वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले. तसेच १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरल्याप्रमाणे, ज्या जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिका हद्दीत अल्पसंख्याक भाषकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक असेल तिथे महत्त्वाच्या सूचना, नियम, मतदारयाद्या त्या भाषेतही द्यायच्या आहेत. खानापूर, बेळगाव, निपाणी या तालुक्यांत मराठी भाषक पंधरा टक्क्यांच्या कितीतरी वर आहेत.

हे हातून निसटते ते बहुधा नोंदीअभावी. शाळा सुरू होण्याआधी तीन महिने पालकांच्या भाषेच्या पसंतीची आगाऊ नोंदवही उघडावी, आणि एका शाळेत संख्या भरत नसेल तर जवळच्या शाळांतली मुले मिळून वर्ग करावा, असे या संरक्षणातच ठरलेले आहे. ही वही उघडली आहे का, हे फारसे कुणी विचारत नाही. पालक जूनमध्ये शाळेत येतात, तोवर मुलांची नावे दुसरीकडे पडलेली असतात, आणि वर्गात आठच मुले म्हणून मराठीचा वर्ग बंद होतो. सूचनांचेही तसेच. अर्ज करताना ‘मराठीत कागद द्या’ एवढेच तोंडी म्हटले तर उत्तर येत नाही. तालुक्याचे नाव, जनगणनेतला मराठी भाषकांचा आकडा, १९६१ चा निर्णय आणि नेमकी हवी ती सूचना, एवढे लिहून पोचपावती घेतली तर फाईल तयार होते. तिची एक प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवावी. ३५० ब अनुच्छेदाखाली नेमलेल्या या आयुक्तांचे विभागीय कार्यालय बेळगावातही होते. मोर्चा, सभा आणि १ नोव्हेंबरचा काळा दिवस यांचे स्थान आहेच. पण पन्नास गावांतून पन्नास नीट भरलेले अर्ज दर महिन्याला जाणे हे आजचे २००० वार सूत आहे, आणि त्यालाही सारखेपणा व पीळ लागतो.

यासाठी आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. गांधीजींचे बेळगावचे अध्यक्षीय भाषण मराठीत क्रमशः छापावे. सीमाभागातल्या वाचनालयांना आणि मराठी शाळांना त्याच्या प्रती मिळाव्यात. सुरुवात भाषणाच्या आरंभापासून करण्याची गरज नाही. कारभाराच्या भाषेचा आणि न्यायाचा परिच्छेद आधी घ्यावा, आणि त्याच पानावर १०-४० आणि १५ टक्के हे दोन्ही निकष चौकटीत द्यावेत. आपल्याकडे शाळा मेअखेरीस उघडतात. नोंदवहीची मागणी तीन महिने आधी करायची तर ते पान फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वाचकांच्या हाती पडायला हवे.

आपले,
बेळगाव-खानापूर परिसरातील काही वाचक
टिळकवाडी, बेळगाव